पानांच्या रंगासाठी देशी झाडं: ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याची रोपवाटिका, दोन पावसाळ्यांनंतर

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत, जिथं आधी गुलमोहर होता तिथं, परवा कोशिंबाला नवी पालवी आली. रोप अजून माझ्या खांद्याइतकंच आहे. सकाळी साडेसातच्या सुमारास बी विंगच्या कोपऱ्यावरून ऊन तिरकं येतं आणि त्या पानांच्या मागून शिरतं. डाळिंबाचा दाणा उजेडात धरला की जसा आतून पेटतो, तसा रंग. पानं मऊ, थोडी चिकट चकाकीची, शिरा रंगानं फिक्या. आठवड्यानं ती नारिंगी होतील, मग पोपटी, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत साधी हिरवी. तेवढ्या पंधरा-वीस दिवसांसाठी मी रोज चहाचा कप घेऊन खाली उतरते.

हे रोप जिथून आणलं त्या रोपवाटिकेबद्दल लिहायचं मी मुद्दाम लांबवलं होतं. रोपं घेतल्या दिवशी सगळीच टवटवीत दिसतात. दोन पावसाळे आणि एक पुरा उन्हाळा काढल्यावर काय उरतं, त्यावरून रोपवाटिका कळते. आम्ही २०२४ च्या जुलैत बावीस रोपं आणली, आज अठरा जिवंत आहेत.

पानांच्या रंगाची ही ओढ लागली ती इथं नाही, तिकडे अमेरिकेत. २०२३ मध्ये ऑगस्ट ते नोव्हेंबर मी लेकीकडे कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळ होते. समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटर उंच, हवा इतकी कोरडी की धुतलेली साडी बाहेर टाकली तर स्वयंपाक होईपर्यंत वाळते. पाऊस आणि वितळलेला बर्फ मिळून वर्षाचं पाणी पस्तीस-चाळीस सेंटिमीटर. आपल्या ठाण्यात एकटा जुलै त्याच्या दुपटीच्या आसपास ओततो. लेकीच्या अंगणात आधीच्या मालकानं लावलेला एक लाल मेपल होता. पानं ऑगस्टमध्येच पिवळी, फक्त शिरा हिरव्या. मला वाटलं, शरदाचा रंग लवकर आला. जावई म्हणाले, "आई, हा आजार आहे." तिथली माती अल्कधर्मी. मातीत लोह असतं, पण अशा मातीत ते मुळांना उचलता येत नाही, आणि पूर्वेकडच्या आम्ल मातीतून आलेलं ते झाड हळूहळू उपाशी मरतं. बाजारात मात्र रंगीत फोटो लावून तोच मेपल सगळ्यांत आधी विकला जातो.

मग आम्ही तिथल्या स्थानिक झाडांच्या एका रोपवाटिकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी झाडं दाखवायच्या आधी चार प्रश्न विचारले: ऊन कुठून येतं, माती चिकण आहे का, पाण्याची नळी कुठवर पोचते, आणि झाडानं बाजूला फुटवे काढत पसरलेलं चालेल का. लेकीला ॲस्पेन हवा होता, डोंगरात सोन्याच्या मोहरांसारखी पानं सळसळतात तो. त्या नको म्हणाल्या. ॲस्पेन कोलोरॅडोचाच, पण साधारण अडीच हजार मीटरच्या आणि त्यावरच्या थंड डोंगरउताराचा. खाली शहराच्या उन्हात त्याच्या खोडाला बुरशीचे चट्टे पडतात, खवले कीड लागते, आणि जमिनीखालून त्याचे फुटवे शेजाऱ्याच्या अंगणात निघतात. राज्य तेच असलं तरी उंची बदलली की झाड परकं होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्यांनी दिलं ते दिसायला साधं होतं. तीन पानांचा सुमॅक, कमरेएवढं झुडूप, ऑक्टोबरात नारिंगीपासून लाल होतं. सर्व्हिसबेरी आणि गोल्डन करंट, दोघांनाही वसंतात फुलं, उन्हाळ्यात पक्ष्यांना फळं आणि शेवटी तांबडी पानं. लिटल ब्लूस्टेम नावाचं गवत, उन्हाळ्यात निळसर आणि थंडीत तांब्याच्या हंड्यासारखं. आणि रॅबिटब्रश, ज्याची पानं बदलत नाहीत पण सगळं सुकत असताना सप्टेंबर-ऑक्टोबरात पिवळ्या फुलांनी भरतो. त्या म्हणाल्या, हे सगळं पूर्ण उन्हात लावायचं, सावलीत लाल रंग मरतो. उन्हाळा सरता सरता नत्राचं खत द्यायचं नाही, नाहीतर कोवळी फूट येते आणि पहिल्या कडक थंडीत जळते. आणि जे मला सगळ्यांत नवं होतं: कोरड्या थंडीत, बर्फ नसेल त्या महिन्यांत, दिवसाचं तापमान चार-पाच अंशांवर असेल तेव्हा महिन्यातून एक-दोनदा पाणी घालायचं. कमी पाण्यावर जगणारी झाडंसुद्धा पहिली दोन वर्षं पाणी मागतात. लोक ते विसरतात आणि झाडाला दोष देतात.

नोव्हेंबरात परत आले आणि डोक्यात एकच खूळ, सोसायटीत पानांचा रंग आणायचा. माझ्याआधी आमच्या सेक्रेटरींनी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'भारतीय हवामानात वाढणारा मेपल' म्हणून दोन रोपं मागवलेली होती, प्रत्येकी बाराशेला. मार्चपर्यंत पानांच्या कडा करपल्या, एप्रिलच्या शेवटी काड्या उरल्या. त्या जातीच्या झाडांना हिवाळ्यात महिनोन्‌महिने गारठ्यात झोपावं लागतं, तरच वसंतात फांद्यांवरचे डोळे नीट फुटतात. इथं आमच्या घोडबंदर रोडला जानेवारीच्या पहाटे स्वेटर लागला तर आपण कौतुकानं सांगतो. इथं त्या झाडाला झोप कुठून मिळणार?

येऊरच्या पायथ्याशी देशी झाडांची रोपवाटिका आहे हे मला उपवन तलावावर सकाळी फिरणाऱ्या एका मैत्रिणीनं सांगितलं. पाटी छोटी, रस्त्यावरून चटकन दिसत नाही. आत गेल्यावर फुलझाडांच्या रांगा नाहीत, लाल-पिवळ्या कुंड्या नाहीत, विकत घ्यावंसं वाटेल असं डोळ्यांना काही नाही. हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांचे वाफे आणि प्रत्येक वाफ्याला पत्र्याची पट्टी, तिच्यावर मराठी नाव, शास्त्रीय नाव, आणि खाली 'बी: मुरबाड, जुलै' अशी नोंद. ही तिसरी ओळ बघून मी तिथंच थांबले. डेन्व्हरच्या बाईंकडे पाटीवर झाड समुद्रसपाटीपासून किती उंचीवरचं ते लिहिलेलं असायचं, इथं गाव. बी कुठल्या रानातलं आणि कधीचं, हे मला ठाण्यात दुसऱ्या कुठल्याही नर्सरीत लिहिलेलं दिसलेलं नाही. विचारलं तर म्हणाले, मुरबाड-शहापूरकडच्या लोकांच्या मालकीच्या रानांतून आणतो, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतलं बी आम्ही उचलत नाही. कोशिंबाचं बी ताजं पेरलेलं बरं, म्हणून महिना लिहायचा.

तिथला दादा तिशीचा असेल. मी म्हटलं, "मला फुलं नकोत, पानांचा रंग हवा." असं गिऱ्हाईक त्याला बहुधा पहिल्यांदाच भेटलं. थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, "काकू, तिकडं पान जाताना लाल होतं, आपल्याकडं बरंच काही येताना लाल होतं. तुम्हाला कुठलं पायजे?"

या एका वाक्यासाठी मी त्या रोपवाटिकेला मनातून पूर्ण गुण दिले. कारण ते खरं आहे. थंड प्रदेशात दिवस लहान झाला की झाड हिरवं द्रव्य मोडून आत घेतं. पानात आधीच लपलेला पिवळा उघडा पडतो, आणि ऊन भरपूर पण रात्र गार असेल तर उरलेल्या साखरेतून लाल रंग नव्यानं तयार होतो. तोच लाल रंग आपल्याकडं कोवळ्या पानात तयार होतो, कडक उन्हापासून त्याचं रक्षण करायला. आपल्या झाडांना पान टाकायला लावतो तो थंडीपेक्षा कोरडेपणा. म्हणून आपली पानगळ ऑक्टोबरात न होता डिसेंबर ते मार्च अशी रेंगाळत चालते, आणि प्रत्येक जातीचा मुहूर्त वेगळा.

यानंतर त्यानं विचारलेले प्रश्न ऐकून मला लेकीचं अंगण आठवलं. भिंत किती लांब? चाळीस मीटर. भिंतीपासून इमारत किती? जमिनीखाली पाण्याची टाकी किंवा ड्रेनेजची लाइन कुठून जाते? खाली गाड्या लागतात का? खणलं तर माती लागते की बांधकामाचा राडारोडा? शेवटचं मला माहीतच नव्हतं. त्यानं सांगितलं, पहार घेऊन तीन ठिकाणी खणून बघा आणि मग या. खणल्यावर दीड फुटाखाली विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे निघाले. घोडबंदरच्या बहुतेक संकुलांत हीच गत असणार. मग दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डे, राडा बाहेर, लाल माती, शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड आत.

काटेसावर त्यानं मागूनही दिली नाही. "जाड फुलं गाड्यांवर पडतात, फांदी ठिसूळ, दोन वर्षांनी तुम्हीच तोडायला निघाल." आणि शहरात झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते, १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यापासून, ही आठवणही त्यानंच करून दिली. विक्रेत्यानं विक्री नाकारावी, असं मी फारसं पाहिलेलं नाही.

घेतलं ते असं: कोशिंब तीन, दीडशेला एक. ताम्हण चार, शंभरला. काकड दोन आणि आसाणा दोन, एकशेवीसला. सीता अशोक तीन, अडीचशेला. पळस तीन, ऐंशीला. धायटीची पाच झुडपं, साठला. सगळे मिळून २,६२० रुपये, टेम्पोचे नऊशे वेगळे. दोन मेलेल्या मेपलना लागले होते चोवीसशे.

आता एकेकाचं. ताम्हण आपलं राज्यपुष्प म्हणून सगळ्यांना फुलासाठी माहीत आहे, पण त्याचं पान बघावं. जानेवारीत जुनी पानं एकदम पडत नाहीत. एकेक पान टोकाकडून तांबूस होत येतं, मधे हिरवं बेट राहतं, मग सगळं विटकरी-लाल होऊन पडतं. आमच्या चारांपैकी पूर्ण उन्हातल्या दोघांना हा रंग छान आला, जिन्याच्या सावलीतल्या दोघांची पानं नुसती पिवळट होऊन गळली. डेन्व्हरच्या बाईंचं म्हणणं ठाण्यातही खरं निघालं. ज्यांना फक्त एकच झाड लावायला जागा आहे त्यांनी ताम्हण लावावं. उंची आवाक्यात राहते, पाणी साचलेलंही त्याला चालतं, आणि मे महिन्यात जांभळी फुलं वेगळीच.

सीता अशोकाची नवी पालवी ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा पाहावी. पानांचा अख्खा झुपका मलूल लोंबतो, कोमेजलाय असं वाटून आमच्या माळीमामांनी पहिल्या वेळी बादलीभर पाणी ओतलं. रंग तांबूस-गुलाबी, स्पर्श ओल्या सुती कापडाचा. काही दिवसांत तोच झुपका हिरवा होऊन ताठ उभा राहतो. याला सावली आणि ओल लागते हे दादानं बजावलं होतं. जागेअभावी एक रोप मी पश्चिमेच्या उन्हात लावलं, ते पहिल्याच मे महिन्यात गेलं. त्यात रोपवाटिकेचा काही दोष नाही.

धायटी ही या भिंतीलगतची सगळ्यांत समाधानाची खरेदी. मुरमाड जागा, दुर्लक्ष, ऊन, सगळं सोसते. हिवाळ्यात पानं लालसर होत जातात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फांदीभर शेंदरी नळ्यांसारखी फुलं येतात. सूर्यपक्षी दिवसभर तिथंच असतात. पाचातलं एक झुडूप इमारतीच्या रंगकामाच्या परांचीखाली चिरडलं गेलं, चार राहिली.

आसाणा अजून लहान आहे, खोडावर काटे आहेत म्हणून मुलांच्या खेळाच्या बाजूला लावू नका. यंदा जुनी पानं गुलाबी-तपकिरी झाली होती, पुढं बघू.

आता तक्रारी, आणि त्या किरकोळ नाहीत.

पहिली पळसाची. तीनपैकी दोन रोपं पहिल्या पावसाळ्यानंतर वाढलीच नाहीत आणि फेब्रुवारीत वाळली. माळीमामांनी उपटून दाखवली: सोटमूळ पिशवीच्या तळाशी पोचून दोन वेढे घेऊन बसलेलं, घड्याळाच्या स्प्रिंगसारखं. पळस आधी खाली जातो, वर काही दिसत नसताना मूळ हातभर झालेलं असतं. त्याला उंच पिशवी हवी, आणि एका वर्षाच्या आत जमिनीत जायला हवा. ही गोष्ट ज्यांना बियांचा महिना ठाऊक आहे त्यांना ठाऊक नसेल असं मी मानत नाही. मोठ्या पिशवीला माती जास्त, भाव जास्त, म्हणून टाळलं असणार. मी पळस आता तिथून घेणार नाही. मे-जूनमध्ये पिकलेली शेंग मिळाली तर सरळ खड्ड्यातच पेरीन.

दुसरी तक्रार नावाची. काकड मी मुद्दाम मागितला होता, कारण आपल्या रानात पान जाताना खरोखर लाल-नारिंगी होणारी जी थोडी झाडं आहेत त्यांतला तो. दोन रोपांपैकी एकाचा रंग यंदा फिका पिवळा आला. शेजारी शेजारी धरून बघितलं तेव्हा उलगडलं. दोन्हींना देठाच्या दोन बाजूंनी पर्णिका, म्हणजे एकाच पानाची छोटी छोटी पानं, त्यामुळं झाडं लांबून सारखीच दिसतात. पण काकडाच्या पर्णिकेची कड बारीक दातेरी असते, करवतीच्या पात्यासारखी, आणि या दुसऱ्याची कड सपाट. ते शेमट निघालं, ज्याला मोईही म्हणतात. देशीच झाड, वाईट मुळीच नाही, पण मी पैसे दिले आणि दोन वर्षं वाट पाहिली ती दुसऱ्यासाठी. फोटो पाठवल्यावर दादानं एका मिनिटात चूक मान्य केली, पिशव्या हलवताना मिसळल्या म्हणाला, आणि खऱ्या काकडाची दोन रोपं बदली देतो असं स्वतःहून सांगितलं. ते मला आवडलं. पण पट्टी वाफ्याला असते, पिशवीला नसते, म्हणून अशी चूक पुन्हा होणार. पिशवीवर साधा रंगाचा ठिपका मारला तरी भागेल, हे मी त्याला सांगितलं आहे.

बाकी, रोपवाटिका सकाळी आठ ते बारा एवढीच उघडी असते, नोकरदारांना रविवारखेरीज जमायचं नाही, आणि रविवारी येऊरच्या फाट्यावर गाड्यांची रांग लागलेली असते. टेम्पोवर जाळी बांधली नव्हती, मानपाड्याच्या पुलापर्यंत येता येता वाऱ्यानं ताम्हणाची वरची पानं फाटली. तुम्ही गेलात तर घरून जुनी चादर न्या.

आमच्याकडं विरोध झाला तो वेगळ्याच कारणानं. "पानं गळणारी झाडं कशाला, रोजचा कचरा," हे सभेत तीन जण बोलले. सहाव्या मजल्यावरच्या वहिनी तर म्हणाल्या, बारा महिने हिरवं राहणारं काहीतरी लावा. मी त्यांना काही समजावलं नाही. गळलेली पानं झाडूवाल्या मावशींना सांगून त्याच झाडांच्या आळ्यात चार बोटं जाड पसरायला लावली. गेल्या उन्हाळ्यात त्यामुळं आठवड्यातून दोनदा दहा-दहा लिटरवर काम भागलं, पूर्वी गुलमोहराच्या शेजारच्या लॉनला रोज नळी लागायची. कचऱ्याच्या गाडीत पानाचं एक पोतं गेलं नाही. परवा त्याच वहिनी कोशिंबापाशी उभ्या राहून मोबाइलवर फोटो काढत होत्या आणि मला विचारत होत्या, "हे फूल आहे की पान?"

ज्यांना जायचं आहे त्यांनी आधी फेब्रुवारी-मार्चमध्ये एक चक्कर नुसती बघायला मारावी, तेव्हा वाफ्यातल्या रोपांचेसुद्धा रंग दिसतात आणि आपल्याला काय आवडतं ते ठरतं. खरेदी मात्र जूनमध्ये, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. जागेचं माप, उन्हाची दिशा आणि खणून बघितलेल्या मातीची मूठ सोबत न्या, दादा मनापासून वेळ देतो. पिशवी तळाशी दाबून बघा. मूळ गोल फिरलेलं कडक हाताला लागलं तर दुसरं रोप मागा, तो नाही म्हणत नाही. फळझाडं, कुंडीतली फुलझाडं, हिरवळीचे गालिचे हवे असतील तर इथं येऊ नका.

मी जूनच्या पहिल्या आठवड्यात परत जाते आहे. काकडाची दोन रोपं त्यानं बाजूला काढून ठेवली आहेत, कडा बघूनच घेईन. लेकीनं काल तिकडून फोटो पाठवला, सुमॅकच्या काड्यांवर अजून एक पान नाही, खाली बर्फाचा पातळ थर. मी तिला कोशिंबाचा पाठवला.